उजव्या बाजूची पदकं

माझ्याकडे तीन पदकं आहेत. तिन्ही सरकारने दिलेली, अगदी खरी, आणि तिन्हींसाठी मी विशेष असं काहीही केलेलं नाही. एक मिळालं ते स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या दिवशी मी फौजेच्या पटावर होतो म्हणून. दुसरं, टेरिटोरियल आर्मीत ठरावीक वर्षं चिकटून राहिलो म्हणून. आणि तिसरं, जम्मूच्या बाजूला ठरावीक मुदत काढली म्हणून. तिथे जाऊन मी काय केलं हे त्या पदकाने विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

टेरिटोरियल म्हणजे आपापला कामधंदा सांभाळून करायची फौज. एरवी ऑफिसला जायचं, वर्षातून एकदा कॅम्पला जाऊन घाम गाळायचा, आणि बोलावणं आलंच तर ऑफिसला रामराम ठोकून वर्ष-दोन वर्षं वर्दी चढवायची. मी एका खाजगी कंपनीच्या डिस्पॅच खात्यात आहे. खोकी आली किती, गेली किती, हे बघणं माझं काम. फौजेने माझ्यातला हा गुण पहिल्याच कॅम्पात हेरला आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. पुढची सगळी वर्षं मी देशाची कांबळी, जर्सी आणि रॉकेलच्या शेगड्या सांभाळल्या. शत्रू म्हणाल तर लोकर खाणारी कसर. तिच्याशी मात्र मी समोरासमोर लढलोय, आणि दोन-चार वेळा हरलोयसुद्धा.

सुटून घरी आलो तेव्हा हवालदार झालो होतो आणि पोट सुटलं होतं. कुलाब्याच्या बाजूला फौजी सामानाचं एक दुकान आहे. तिथून तिन्ही पदकं त्यांच्या रंगीत रिबिनींसकट एका पट्टीवर ओळीने लावून आणली. पट्टीला मागून पिन असते. वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला, ती पट्टी छातीवर लावून मी मिरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उभा राहायचो आणि ‘सावधान!’ म्हणून ओरडायचो. सोसायटीत त्यामुळे मला भलताच मान. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण झालं की लोक म्हणायचे, “फौजीला बोलवा.” मी खाली जाऊन नुसता उभा राहायचो. टँकरवाला भांडत राहायचा, पण जरा खालच्या आवाजात.

ह्या सगळ्याचा खरा आनंद घेतला तो माझ्या वडिलांनी.

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे फौजी गाव. प्रत्येक घराच्या पडवीत वर्दीतल्या माणसाचा एकतरी फोटो. आमच्या पडवीत फक्त गणपतीचं कॅलेंडर. बाबा तरुणपणी भरतीला गेले होते. मोजमाप घेणाऱ्याने छातीभोवती टेप धरली आणि म्हणाला, फुगव. बाबांनी फुगवली. तो म्हणाला, अजून फुगव. बाबांच्यात अजून नव्हतं. त्यांच्याबरोबर गेलेले चौघे तिथूनच गाडीत बसले, आणि बाबा एकटे गावी परत आले. गावातली पोरं पुढे कितीतरी दिवस त्यांना बघितलं की छाती फुगवून दाखवायची. ते मुंबईला आले, एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. हे सगळं मला आईने सांगितलेलं. बाबा स्वतः ह्यावर चकार शब्द काढत नसत.

मी टेरिटोरियलमध्ये लागलो तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “म्हणजे पार्ट-टाइम का?” मी हो म्हटल्यावर थोडा वेळ विचार केला आणि पेढे आणायला निघून गेले.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले. मग मीच त्यांना आमच्या जवळच्या बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जायला लावलं. तिथे निवृत्त बँक मॅनेजर, हेडमास्तर, एक-दोन डॉक्टर; आमच्या सोसायटीतलं कुणीच नाही. पॅकिंग खात्यातला माणूस म्हणजे कडेच्या बाकावरचा माणूस. बाबा जायचे, बसायचे, परत यायचे. चेण्याच्या नदीवर कट्ट्याची सहल गेली तेव्हा बसमध्ये एक जागा कमी पडली, आणि उतरले ते बाबा. घरी येऊन म्हणाले, “मलाच गुडघ्याचा त्रास झाला असता.” मला ते फार लागलं होतं.

तर गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, कट्ट्याच्या झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी, बाबा माझ्या कपाटापाशी येऊन घुटमळले.

“अरे, ती तुझी पट्टी... मी उद्या लावली तर चालते काय?”

इथे सुज्ञ माणूस एकतर हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. पण मी पडलो फौजी बाबतीत घरातला शेवटचा शब्द. घसा खाकरून मी म्हणालो, “डावीकडे नाही लावता येत हं बाबा. डावी बाजू ज्याने कमावली त्याची. घरच्यांनी लावायची तर उजवीकडे लावतात. तसा नियमच आहे.”

“असं होय,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जो आदर दिसला तो मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, उजव्या खिशाच्या जागी, ती पट्टी लावून दिली आणि आरशासमोर उभं केलं. मग आमच्या सोसायटीचं ‘सावधान’ ओरडायला मी खाली गेलो, ते बागेत गेले.

परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. प्रमुख पाहुणे म्हणून मोरव्याच्या बाजूला राहणारे एक निवृत्त सुभेदारसाहेब आले होते. त्यांनी रांगेत बाबांना बघितलं, थांबले, आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. “मुलाची?” त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “हो, मुलाची.” “कुठे होता?” “जम्मूच्या बाजूला.” सुभेदारांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. एवढं सांगून बाबा म्हणाले, “खरा फौजी. पदक बघितलं की कळतं त्यांना.”

त्यानंतर कट्ट्यावर बाबांना मधल्या बाकावर जागा मिळायला लागली. कुणी चहा आणून देई, कुणी सोसायटीच्या गेटपर्यंत सोडायला येई. हेडमास्तर पेपर आधी त्यांच्या हातात द्यायला लागले. मी बायकोला म्हणालो, “बघ, माझ्या कांबळ्यांचा महिमा.” ती म्हणाली, “महिमा पुरे, आधी गॅलरीतली कांबळी झटक.”

मग एका रविवारी बाबांना ताप आला. आज येणार नाही असं कट्ट्यावर सांगून ये, म्हणून त्यांनी मला पिटाळलं. श्रावण होता, मी भाजी घेऊन तसाच बागेत शिरलो. अंगात जुना टी-शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून पडवळ बाहेर आलेलं. कट्ट्याचे सेक्रेटरी म्हणजे एक गुजराती काका, फार प्रेमळ माणूस. त्यांना म्हटलं, ते बी विंगमधले काका आज येणार नाहीत, ताप आहे.

सेक्रेटरीकाका लगेच मागे वळून म्हणाले, “अरे सुना क्या? अपने शहीद के पिताजी को बुखार है!”

कोण शहीद, म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

“बिचारे,” हेडमास्तर म्हणाले. “एकुलता एक होता हो.”

माझ्या हळूहळू ध्यानात यायला लागलं, पण मन मानेना. मी विचारलं, “काका स्वतः म्हणाले का तसं? की मुलगा गेला म्हणून?”

“उनको पूछेगा कौन, भाई? जखम पे कोण हात ठेवेल?” सेक्रेटरीकाका म्हणाले. “मेडल राइट साइडला होते ना! सुभेदारसाहब ने देखतेही बोला, राइट साइड मतलब बेटा नहीं रहा. जो गया, उसका मेडल घरवाले राइट साइडला लावतात. रूल आहे फौजचा.”

रूल आहे फौजचा! माझाच नियम, माझ्याकडे परत आला होता. फक्त मी तो अर्धाच वाचला होता. उजवीकडे लावतात एवढं वाचून मी थांबलो होतो, आणि कधी लावतात ते पुढच्या ओळीत असावं. स्टोअरमध्ये असताना मी नवीन पोरांना ‘पूर्ण वाचून सही करा’ म्हणून झापायचो.

“आप कौन?” काकांनी विचारलं.

इथे खरं सांगणं सोपं होतं. पण सगळा कट्टा माझ्याकडे बघत होता आणि माझ्या पिशवीतून पडवळ लोंबत होतं. मी म्हणालो, “शेजारी.”

मग शेजाऱ्याला म्हणून त्यांनी मला बसवून घेतलं आणि सगळी हकीकत सांगितली. मी बर्फात गेलो होतो. चौकीवर एकटा होतो. तिघांना वाचवून मग गेलो होतो. हे कुणी रचलं कोण जाणे, प्रत्येकाने थोडी थोडी भर घातली असणार. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. इतका चांगला माणूस जायला नको होता, असं मनापासून वाटलं. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही तर शेजारी, तुम्ही पाहिला असेल. कसा होता?” मी म्हणालो, “साधा होता.” “उंच असेल.” मी म्हणालो, “मध्यम.”

उठता उठता सेक्रेटरीकाकांनी सांगितलं की पुढच्या रविवारी बागेत वीरपित्याचा सत्कार ठेवलाय. सुभेदारसाहेब येणार, शाल-श्रीफळ देणार, बॅनर छापायला गेलाय. मीही जरूर यावं, म्हणाले.

घरी येऊन बायकोला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. आधी ती हसली. ओट्याला धरून, आवाज दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ‘मध्यम’ ऐकल्यावर तिला खाली बसावं लागलं. मग एकाएकी तिचं हसू गेलं. “अभद्र आहे हे सगळं,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता बाबांना सांग.”

मी बाबांच्या खोलीत गेलो. ताप उतरला होता. सत्काराचं सेक्रेटरीकाकांनी त्यांना फोन करून कळवलंही होतं, आणि आता ते फोनवर गावच्या चुलतभावाशी बोलत होते. “माझा सत्कार हाय, माझा!” ते ओरडून सांगत होते. “नाय रे, कंपनीचा नाय. फौजेचा!” फोन ठेवून माझ्याकडे वळले. म्हणाले, “तो पण होता तेव्हा भरतीच्या मैदानात. त्याला घेतला होता.” एवढंच. भरतीबद्दल त्यांनी माझ्याजवळ काढलेलं ते पहिलं वाक्य. मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि बाहेर आलो.

त्या आठवड्यात मी रोज सांगायला गेलो आणि रोज काहीतरी दुसरंच बोलून परत आलो. बाबांनी केस कापून घेतले. सदरा इस्त्रीला टाकला, तो मनासारखा आला नाही म्हणून परत पाठवला. आरशासमोर उभं राहून छाती पुढे काढून बघितली. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला सत्कार होता, आणि तो मी मेल्याशिवाय होणार नव्हता. मी इतका घाबरट की शेवटी मनाची तयारी केली: रविवारी दुपारपर्यंत मेलेलं राहायला माझी हरकत नाही. नाहीतरी जिवंत असून रविवारी मी काय करतो? झोपतोच.

फक्त मी कार्यक्रमाला जायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं होतं. पण निघताना बाबा दारात अडून बसले. “तू नाय आलास तर कसं? पदक कुणाचं? त्यांना दाखवायला नको तुला?” मला ताप आलाय म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, “कपडे कर.” मग मी डोक्यावर टोपी ओढली, पाठीमागून येतो म्हणालो, आणि बागेच्या गेटजवळ बदामाच्या झाडाआड उभा राहिलो. बायको माझ्याशेजारी, तोंड वळवून.

बॅनर मोठा होता. त्यावर तिरंगा, उगवता सूर्य आणि एका जवानाची काळी आकृती. फोटो मिळाला नव्हता म्हणून तशी छापली होती. आकृतीला माझ्यापेक्षा खांदे खूप रुंद होते. खाली टेबलावर तीच आकृती फ्रेम करून ठेवली होती, पण बाबांच्या खुर्चीवरून ती दिसत नव्हती. मधल्या खुर्चीवर बाबा ताठ बसले होते, उजव्या बाजूला माझी पट्टी.

सुभेदारसाहेब बोलायला उठले. साधा, कमी बोलणारा माणूस. म्हणाले, फौजेत बावीस वर्षं काढली, पण मोठा मी नाही, मोठा हा बाप. बाबा मान खाली घालून लाजत होते. मी त्यांना लाजताना आधी कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात सेक्रेटरीकाकांनी ती फ्रेम उचलली, सगळ्यांना दिसेल अशी पुढे ठेवली आणि तिला झेंडूचा हार घातला. मग माईकवर म्हणाले, “सब लोग खडे हो जाओ. आपल्या वीर जवानसाठी दोन मिनिट शांती.”

सगळे उभे राहिले. माना खाली. कट्ट्यावरची जाणती माणसं, बायका, बागेत चालायला आलेले लोक, भेळवाला, सगळे. बाबाही सवयीने उभे राहिले. त्यांनी आधी हार बघितला. मग लोकांच्या माना. मग परत हार. मग उजवा हात वर आणून ती पट्टी चाचपली.

मला लांबूनसुद्धा कळलं की त्यांना कळलं. मी झाडाआड आणखी सरकलो. आत्ताही त्यांनी गप्प राहावं, शाल घ्यावी, नारळ घ्यावा आणि आपण घरी जावं, असंच मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

“बसा!” बाबा ओरडले. माईक नव्हता, तरी आवाज गेटपर्यंत आला. “बसा सगळे! खाली बसा! माझा पोरगा जित्ता हाय!”

माना वर आल्या. बाबा खुर्च्या ढकलत वाट काढत यायला लागले, गुडघ्याचं सगळं विसरून. लोक बाजूला होत होते. बायको झाडाआडून अर्धी दिसत असावी; ते सरळ झाडापाशी आले, माझ्या डोक्यावरची टोपी काढून फेकली, माझा दंड धरला आणि मला उघड्यावर ओढलं.

“ह्यो बघा! ह्यो! हाय ना? बघा नीट!”

बघितलं सगळ्यांनी. मी जिवंत आहे ह्याबद्दल एवढ्या लोकांना एकदम वाईट वाटलेलं मी पुन्हा बघेन असं वाटत नाही. “हा तर शेजारी!” हेडमास्तर म्हणाले. सेक्रेटरीकाका कधी माझ्याकडे, कधी बॅनरकडे बघत होते. मध्यम उंची, सुटलेलं पोट, खाली मान. मी पुटपुटलो, माझी चूक, उजव्या बाजूचं मी अर्धंच वाचलं होतं. ऐकायला कुणी तयार नव्हतं. मागे कोणीतरी म्हणालं, “ह्याने तिघांना वाचवलं?”

सुभेदारसाहेब पुढे आले. मला वाटलं आता भर बागेत माझी परेड निघणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हाराची फ्रेम उचलून त्यांनी हार काढला, फ्रेम पालथी घातली आणि बाबांच्या समोर हात जोडून उभे राहिले. “काका, माझं चुकलं. विचारायला हवं होतं.” मग मला एकच प्रश्न केला, “काम कुठल्या खात्यात?” “स्टोअर,” मी म्हणालो. “कांबळी चांगली द्यायचा का?” “हो साहेब.” “मग ठीक.”

सेक्रेटरीकाकांच्या हातात शाल तशीच होती. ती कुणाला द्यायची हे त्यांना कळेना. तरी भल्या मनाने ते म्हणाले, “काका, लेलो. अब लाया है तो.” बाबांनी मान हलवली. उजव्या बाजूची पिन काढायला लागले, ती निघेना. बायकोने काढून दिली.

“ज्याचा खरंच गेलाय त्याला द्या,” ते म्हणाले. “मला नको. मला काय नको.”

घरी जाताना त्यांनी माझा दंड सोडला नाही. रस्ता ओलांडताना, गेटमधून आत येताना, लिफ्टमध्येसुद्धा. मी पन्नाशीला आलेला माणूस, शेजारीपाजारी बघत होते, आणि बाबा लहान पोराला धरावं तसे मला धरून होते. मी कॅम्पला निघायचो, जम्मूला गेलो, तेव्हासुद्धा त्यांनी नुसतं ‘ये’ म्हटलं होतं. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही मी दाबत होतो.

बायकोने दारातच थांबवून मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढली. बाबा शेजारी उभं राहून “परत काढ, अजून एकदा काढ” म्हणत होते. मग ते खुर्चीत बसले. तरी माझा हात त्यांच्या हातात होताच. मी विचारलं, “बाबा, गावाला काय सांगायचं?”



“त्या झेंडावंदनाच्या दिवशी,” ते म्हणाले, “कट्ट्यावरच्या बायका रांगेने येऊन माझ्या पाया पडल्या. तुला सांगितलं नव्हतं. लाज वाटली. पण लई बरं वाटलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं मला. पोरगा जित्ता असलेल्या बापाच्या पाया कोण पडतंय?”

“वाईट वाटतंय?” मी विचारलं.

“नाय रे,” बाबा म्हणाले आणि माझा हात आणखी घट्ट धरला. “मी बसतो माझा कडेच्या बाकावर.”